कुत्र्याला खोली मिळाली, लशीचं काय?

लोहारदा (जि. देवास) : इंदूरहून बैतूलकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४७ कन्नोद, खातेगाव करत पुढे जातो. त्याच्या दक्षिणेला कांटाफोड, लोहारदा, सतवास हा पट्टा आहे. सागवानाचं जंगल, मधूनमधून सोयाबीनची शेतं आणि पुढे नर्मदा. महामार्गाच्या उत्तरेला देवास आणि सीहोर जिल्ह्यांच्या हद्दीवर खिवनी अभयारण्य. इंदूर-देवासच्या शहरी माणसाला सकाळी गाडी काढली की दुपारच्या जेवणाला इथे पोहोचता येतं. जंगल जवळ, रस्ता बरा, जमीन अजून आवाक्यात. फार्महाउस आणि लाकडी केबिनच्या धंद्याला याहून जास्त काही लागत नाही.

या धंद्यात आता नवा पाहुणा आलाय, कुत्रा. लोणावळा, कर्जत, मुळशीकडे ‘पेट-फ्रेंडली’ ही पाटी नवी राहिलेली नाही. घरातलं कुत्रं चार दिवस कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न मोठ्या शहरातल्या मराठी कुटुंबांना सुट्टीच्या आधी पडतोच. पुण्यात पडतो तसा इंदुरातही पडतो. मग जिथे कुत्र्याला घेतात तिथेच बुकिंग होतं, चार पैसे जास्त मोजूनही. मालकाच्या दृष्टीने हा हिशोब फायद्याचा आहे. मात्र जंगलाच्या काठावर हाच हिशोब वेगळा मांडावा लागतो.

केबिनच का, तेही पाहायला हवं. अभयारण्यांभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनांमध्ये सहसा हद्दीपासून १ किमीच्या आत नवीन हॉटेल-रिसॉर्टला मनाई असते, पण पर्यटनासाठी लहान, तात्पुरत्या बांधकामाला सूट असते. लाकडी केबिन, तंबू, मातीची खोली या सुटीत बसवता येते. शिवाय मध्य प्रदेश पर्यटन मंडळ गावांमध्ये होमस्टेला प्रोत्साहन देतं, तेही योग्यच. म्हणजे जंगलाच्या सगळ्यात जवळ जे उभं राहू शकतं ते हेच, आणि कुत्र्याला मोकळं सोडायला अंगणही तिथेच असतं. सफारीच्या गाडीत कुत्रा नेता येत नाही. मालक सफारीला गेला की कुत्रा मागे केबिनवर. तिथे त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? बहुतेक वेळा चहा करणारा पोरगा.

धोका दोन बाजूंनी आहे. पहिला पाहुण्या कुत्र्याला, बिबट्याचा. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, कुत्र्यांचा निघाला. तो भाग तर उसाचा, जंगलाचा नव्हे. देवासच्या जंगलपट्ट्यात रात्री व्हरांड्यात बांधलेलं लॅब्रॅडॉर बिबट्याला कसं दिसेल, हे गावातल्या कुणालाही विचारा. गावकरी आपली कुत्री गमावत आलेत, फक्त त्याची तक्रार कुठे नोंदली जात नाही.

दुसरा धोका उलट दिशेने जातो आणि तो जास्त गंभीर आहे. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गीरच्या दलखाणिया परिक्षेत्रात काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह मेले. त्यांच्यातल्या काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू असल्याचं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने दाखवून दिलं. नाव कुत्र्याचं, पण आजार वाघ, सिंह, बिबट्या, कोल्हा, लांडगा, रानकुत्रा कुणालाही होतो. कुत्र्याने गाय ओढलेली खाल्ली, मग वाघ त्याच शिकारीवर परत आला, किंवा बिबट्याने आजारी कुत्रंच उचललं, की साखळी पुरी झाली. मध्य प्रदेशाला हे माहीत नाही असं नाही. २०२२ मध्ये कूनोत चित्ते आणण्याआधी आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचण्यात आली होती. चित्त्यासाठी जे सुचलं ते खिवनीच्या वाघासाठीही सुचायला हरकत नाही. रातापानी २०२४ च्या डिसेंबरात व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे खिवनीकडच्या जंगलाचं मोलही वाढलंय.

आता कायद्याची गंमत. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने कलम ३३-अ आलं. अभयारण्यात आणि त्याच्या हद्दीपासून ५ किमीच्या आत जी गुरंढोरं आहेत, त्यांच्या लसीकरणाची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकाने करायची, असं ते सांगतं. चांगली तरतूद आहे. पण ‘पशुधन’ म्हणजे काय याची यादी वाचली तर गाय, म्हैस, उंट, गाढव, शेळी, मेंढी, घोडा, खेचर, याक, डुक्कर सापडतात, पुढे बदक आणि कोंबड्याही. कुत्र्याचं नाव नाही. भटक्या कुत्र्यांसाठी २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम आहेत, ते पंचायतीवर जबाबदारी टाकतात, पण त्यांचा भर नसबंदी आणि रेबीजवर. डिस्टेंपर मधल्या फटीत राहतो. नाकेदाराला विचारलं तर तो पशुवैद्यकाकडे बोट दाखवणार, पशुवैद्यक पंचायतीकडे, आणि पंचायत? पंचायतीकडे नळाचेच पैसे नाहीत.

धारचा दाखला यापेक्षा वेगळा आहे पण तितकाच कामाचा. धार जिल्ह्यातल्या राष्ट्रीय उद्यानात, बागजवळ, डायनासोरचे जीवाश्म आहेत. तिथे कुत्र्याने बिघडण्यासारखं फारसं नाही. पण सरदारपूरचं खरमोर अभयारण्य (१९८३) गवताचं. खरमोर पावसाळ्यात येतो आणि जमिनीवरच अंडी घालतो. नेमका तोच हिरवाईचा, सहलींचा मोसम. पट्टा सोडलेला एक कुत्रा गवतात अर्धा तास हुंदडला तरी घरटं गेलं म्हणून समजा. इंग्लंडमध्ये खुल्या रानात १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा जास्तीत जास्त २ मीटरच्या दोरीवर ठेवणं सक्तीचं आहे, कारण तो पक्ष्यांच्या विणीचा काळ. कुत्र्याला तिथे बंदी नाही, वेळ आणि दोरी ठरवून दिली आहे. अमेरिकेच्या बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत कुत्रा डांबरी रस्ता आणि तळापुरताच मर्यादित असतो, पायवाटेवर नाही.

लोहारदाच्या पट्ट्यात हे कसं बसेल? लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय खोली द्यायची नाही, हा पहिला नियम. रेबीज तर हवीच, डिस्टेंपर आणि पार्वोची एकत्रित लसही हवी. ती शुक्रवारी टोचून शनिवारी निघालात तर उपयोग नाही, प्रतिकारशक्ती यायला दोनेक आठवडे जातात. डिस्टेंपरचा विषाणू उन्हात फार टिकत नाही, पण पार्वो मातीत महिनोन्‌महिने राहतो. म्हणून विष्ठा उचलून पुरायची, ओढ्याकाठी टाकायची नाही. रात्री कुत्रा खोलीत, दाराच्या आत. यात कुणाचंही फारसं नुकसान नाही.

खरा खर्च गावच्या कुत्र्यांचा आहे, कारण पाहुणा दोन दिवसांनी जातो, गावचं कुत्रं रोज जंगलात जातं. समजा चार केबिन, आठवड्याला दोन रात्री, दर रात्री कुत्र्याचे ५०० रुपये जादा. महिन्याचे १६,००० झाले. गावात साठ कुत्री धरली आणि एका डोसाला सगळं मिळून ५०० धरले, तर एका फेरीचे ३०,०००. म्हणजे दोन महिन्यांच्या नुसत्या ‘कुत्रा-शुल्कातून’ गावाची एक फेरी निघते. केबिनवाला आनंदाने देईल असं नाही. पण नोंदणीच्या अटीतच ते घातलं तर द्यावं लागेल.

इथे एक अडचण बोलून दाखवायलाच हवी. खिवनी परिसरात २०२५ च्या जूनमध्ये आदिवासींची घरं पाडली गेली आणि त्यावरून मोठा रोष उसळला. ज्याचं घर जंगलाच्या नावाखाली पाडलं, त्याला उद्या वनविभागाच्या गाडीतून कुणी ‘तुझ्या कुत्र्याला सुई टोचायची आहे’ म्हणून आलं तर तो दार लावून घेईल. राखणीचं कुत्रं त्याच्या लेखी शेळ्यांइतकं मोलाचं आहे. लस टोचणारा पशुवैद्यकीय विभागाचा असावा, सोबत सरपंच असावा, गुरांच्या लसीच्या दिवशीच कुत्र्यांचंही व्हावं. नर्मदेवरच्या धरणांत बुडालेल्या जंगलाच्या भरपाईत ओंकारेश्वर अभयारण्याचा प्रस्ताव जुना आहे, त्यात खंडव्याबरोबर देवासचंही जंगल येतं. त्या काठावर केबिन उभ्या राहतील तेव्हा हाच प्रश्न नर्मदेच्या बाजूनेही येणार. खंडवा, बुऱ्हाणपूर ते मेळघाट हा सगळा जंगलाचा सलग-तुटक पट्टा आहे. राज्याची हद्द आजाराला दिसत नाही, परवान्याच्या कागदाला मात्र दिसते. निदान लसीचं कार्ड तरी दोन्हीकडे एकाच नमुन्याचं असावं, म्हणजे जळगावहून आलेल्या कुटुंबाला सतवासच्या केबिनवर आणि इंदूरहून आलेल्याला चिखलदऱ्याला तेच कार्ड दाखवता येईल.