चक्रीफुलाचा काढा आणि फ्लूचे औषध

पावसाळा लागला की चाळीत, वस्तीत तापाची साथ येते. घरातला एक खोकू लागला की चार दिवसांत सगळे घर अंथरूण धरते. रोजंदारी बुडते, मुलांची शाळा बुडते. अशा वेळी शेजारीपाजारी, सोयरेधायरे आणि हल्ली मोबाईलवर येणारे निरोप एक सल्ला हमखास देतात: "चक्रीफुलाचा काढा घ्या, फ्लूचे औषध त्यापासूनच बनते." या सल्ल्यात खरे किती, याचा विचार आज आपण करू.

सल्ल्याचा उत्तरार्ध बऱ्याच अंशी खरा आहे. मटणाच्या मसाल्यात आपण जे चक्रीफूल घालतो, त्यात शिकिमिक आम्ल नावाचे द्रव्य असते. फ्लूवरील ओसेल्टामिविर हे औषध, ज्याला लोक टॅमिफ्लू म्हणून ओळखतात, ते या आम्लापासून तयार होते. अमेरिकेत १९९९ साली त्याला मान्यता मिळाली. २००५ च्या सुमारास जगभर बर्ड फ्लूची धास्ती पसरली, तेव्हा चीन आणि व्हिएतनाममधल्या चक्रीफुलाचा बाजारात तुटवडा पडला. पुढे हेच आम्ल कारखान्यात जिवाणूंकडूनही बनवून घेतले जाऊ लागले.

आम्ही पडलो हिशेबाची माणसे, म्हणून हिशेब सांगतो. सुमारे १३ ग्रॅम चक्रीफुलातून सुमारे १.३ ग्रॅम शिकिमिक आम्ल मिळते, आणि त्यातून औषधाच्या दहा कॅप्सूल होतात. मोठ्या माणसाला रोज दोन, असा हा पाच दिवसांचा कोर्स. म्हणजे मूठभर चक्रीफुलात एका रोग्याचे औषध! मग काढा का नको?

कारण शिकिमिक आम्ल हे औषध नव्हे, औषधाचा कच्चा माल आहे. त्यावर अनेक रासायनिक प्रक्रिया केल्यावर जो नवा पदार्थ तयार होतो, तो औषध. कापूस अंगावर ठेवला म्हणून सदरा होत नाही, तसेच हे आहे. फ्लूचा विषाणू शरीरातील पेशीत वाढतो आणि बाहेर पडताना कात्रीसारखे काम करणाऱ्या एका द्रव्याने स्वतःला पेशीपासून सोडवून घेतो. ओसेल्टामिविर ती कात्रीच अडकवून ठेवते. चक्रीफूल कितीही उकळले तरी हे काम करणारा पदार्थ आपल्या पातेल्यात तयार होत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. चक्रीफुलासारखेच दिसणारे जपानी चक्रीफूल विषारी असते. वाळल्यावर दोन्हींतला फरक नुसत्या डोळ्यांनी ओळखणे फार कठीण. शिकिमिक आम्लाचा शोध १८८५ साली याच जपानी झाडात लागला, आणि त्या झाडाच्या 'शिकिमी' या नावावरूनच आम्लाला नाव मिळाले. परदेशात चक्रीफुलाचा चहा पाजल्यामुळे तान्ह्या बाळांना झटके आल्याच्या घटना घडल्या, आणि २००३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने असा चहा न पिण्याचा इशारा दिला. माता-भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. बाळाला हा काढा चमचाभरसुद्धा पाजू नये.

हळद, ज्येष्ठमध, किराईत यांतील द्रव्यांवरही संशोधन चालू आहे. प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत त्यांतील काहींनी विषाणूला रोखलेही आहे. परंतु बशीतला विषाणू वेगळा आणि माणसाच्या छातीतला वेगळा. रोग्यांवर रीतसर चाचणी होऊन गुण सिद्ध होत नाही तोवर त्याला फ्लूचे औषध म्हणता येणार नाही. हळदीच्या दुधाने घशाला आराम पडत असेल तर मोठ्यांनी जरूर घ्यावे. पण ज्येष्ठमध फार दिवस घेतल्यास रक्तदाब वाढतो, हेही माहीत असावे.

ओसेल्टामिविर हीही जादूची कांडी नव्हे. २०१४ साली झालेल्या मोठ्या आढाव्यात दिसले, की मोठ्या माणसांचा त्रास त्याने सरासरी १७ तासांच्या आसपासच लवकर कमी होतो. धडधाकट माणूस बहुधा विश्रांती, पाणी आणि साध्या तापाच्या गोळीवर बरा होतो. परंतु गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, मधुमेही आणि दमेकरी यांना फ्लूचा धोका जास्त. त्यांना ताप येताच डॉक्टरांना दाखवावे, कारण हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडते. काढ्याच्या भरवशावर हेच दोन दिवस निघून जातात, आणि खरे नुकसान तिथेच होते.

३ ऑगस्ट २००९ रोजी स्वाईन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला. तेव्हा किती जण रुमालात कापूर-वेलदोडा बांधून हुंगत फिरत होते, हे अनेकांना आठवत असेल. भीतीपोटी माणूस काहीही करतो. म्हणून आमचे सांगणे इतकेच, की धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळे पडणे, ग्लानी येणे किंवा मुलाने खाणेपिणे सोडणे, यांतले एकही लक्षण दिसले तर दिवस-रात्र न पाहता सरकारी रुग्णालय गाठावे. एका दिवसाची मजुरी बुडेल, पण माणूस वाचेल. चक्रीफूल मात्र मसाल्याच्या डब्यातच राहू द्यावे.