माग निर्यातीच्या मासळीलाच का?

चोर्ला घाटातून बेळगावची भाजी रोज गोव्यात उतरते आणि किनाऱ्यावरची मासळी त्याच वाटेने वर चढते. टिळकवाडीतल्या एखाद्या घरी बांगडा शिजतो, तेव्हा तो मालीमच्या जेटीवर उतरला, कुटबणला की कारवारला, हे विक्रेत्यालाही सहसा सांगता येत नाही. युरोपला निघालेल्या माकुलाचे तसे नाही. १ जानेवारी २०१० पासून समुद्रात पकडलेल्या मासळीसोबत तेथे पकड प्रमाणपत्र लागते. त्यावर नौकेचे नाव, मासळीची जात, वजन अशा नोंदी असतात आणि सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण ते प्रमाणित करते.

ही शिस्त खुशीने आलेली नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने प्रक्रिया केंद्रांतील अस्वच्छतेवर बोट ठेवून भारतीय मत्स्योत्पादनांची आयात रोखली, तेव्हा कुठे केंद्रे सुधारू लागली. गिऱ्हाईक अडून बसले म्हणून व्यवस्था हलली. देशी गिऱ्हाइकाला असे अडून बसण्याची सोय नाही.

जुलै २०१८ मधील फॉर्मेलिन प्रकरणात हेच उघडे पडले. मडगावच्या घाऊक बाजारात अन्न व औषध प्रशासनाने जागेवर केलेल्या चाचणीत परराज्यांतील मासळीत फॉर्मेलिन आढळले. नंतर प्रयोगशाळेच्या हवाल्याने प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगण्यात आले. मासळीत फॉर्मल्डिहाइड काही अंशी नैसर्गिकरीत्याच तयार होते, हे खरे. पण फॉर्मेलिन बाहेरून घालण्यास मुभाच नसेल तर मर्यादा कसली, हा लोकांचा सवाल रास्तच होता. सरकारने काही दिवस आयात बंद ठेवली. पुढे नोंदणी आणि इन्सुलेटेड वाहनांची अट आली, तिचा फटका सिंधुदुर्ग व कारवारच्या लहान व्यापाऱ्यांना बसला. रसायन घातलेच असेल तर ते कोणत्या टप्प्यावर, हे शोधण्याची वाट मात्र या अटींनीही उघडली नाही.

माग पुसला जातो तो लिलावात. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा कलम १८ नुसार मच्छीमाराला लागू नाही. जबाबदारी सुरू होते ती व्यापाऱ्यापासून, आणि तोवर अनेक ट्रॉलरांचा माल एकमेकांत मिसळलेला असतो. नौकेची नोंद, लिलावाची पावती आणि क्रेटवर एक चिठ्ठी, सुरुवातीला एवढे पुरे. त्याचा खर्च बांगड्याच्या दरात थोडा दिसेल. तो पुन्हा टोपलीवाल्या विक्रेत्यांच्याच माथी मारला, तर मासळी तीच राहील, फक्त विकणारे कमी होतील.