तबकडीची कुळकथा

पळस, कुसुंब आणि बोर या झाडांवर वस्ती करणारा लाखेचा किडा नसता, तर आपल्या आजोबांच्या माजघरात ग्रामोफोन तसा वाजलाच नसता! लाख, दगडाची भुकटी आणि काजळी अशा मसाल्याच्या त्या जड, काळ्याभोर तबकड्या. हातून निसटली की खापरीसारखे तुकडे.

1902 च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या मुद्रिका दाबल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. म्हणून गाणे संपताच बाई आपले नाव इंग्रजीत पुकारीत. कोणाचे लेबल लावायचे हे तिकडच्या कामगारांना कळावे, एवढाच हेतू. ऐकणाऱ्याला मात्र ती ऐट वाटते. 1908 मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला.

1948 साली अमेरिकेत व्हायनिलची लाँग-प्ले तबकडी आली आणि तीन मिनिटांत राग आटोपण्याची सक्ती सुटली. एका बाजूस वीस-बावीस मिनिटे!

ही तबकडी होते कशी? ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर देतात. त्यात तापलेली सुई गाण्याबरहुकूम थरथरत एकच लांबलचक खाच कोरते. मग चांदीचा मुलामा, त्यावर विजेच्या साहाय्याने निकेलचा थर. तो सोलला की उलटा छाप मिळतो. त्याला कारखान्यात ‘फादर’ म्हणतात. त्यावरून ‘मदर’, आणि तिच्यापासून प्रत्यक्ष ठसे. (कुटुंबसंस्था अशी सर्वत्र आहे.) दोन ठशांमध्ये व्हायनिलचा तापलेला गोळा ठेवून वाफेच्या उष्णतेत सुमारे शंभर टनांचा दाब देतात, लगेच गार पाणी खेळवून थंड करतात आणि कडा कातरतात. अर्ध्या मिनिटाचे काम. लेबलही त्याच दाबात बसते. डिंक लागत नाही.

तीन मिनिटांच्या मुद्रिकेला मात्र मी नावे ठेवणार नाही. आम्हा नाशिककरांना दत्तात्रेय विष्णू पलुसकरांचे, म्हणजे बापूरावांचे, विशेष प्रेम. विष्णु दिगंबरांच्या पंचवटीतील आश्रमात त्यांचे बालपण गेले. दहाव्या वर्षी वडील गेले; स्वतः बापूराव 1955 च्या ऑक्टोबरात, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. ‘बैजू बावरा’तील अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी सर्वांना ठाऊक आहे, पण त्यांची छोटी मुद्रिका ऐका. घाई कुठेच नाही. आलाप, बंदिश, तान सगळे आपापल्या जागी, आणि सुई आत सरकते तेव्हा गाणे खरोखर पुरे झालेले असते. तासभर गाऊनही पुष्कळांना हे साधत नाही.

आज तरुण मंडळी पुन्हा तबकड्या विकत घेताहेत; 2024 मध्ये मुंबईत त्या दाबण्याचा कारखानाही नव्याने सुरू झाला. काही म्हणतात, ही हौस आहे. असेना! बाजू उलटायला उठावे लागते, म्हणून मनुष्य बसून ऐकतो तरी.

दुसरीकडे जुने वाडे पाडताना माळ्यावरचे गठ्ठे भंगारात जाताहेत. तेव्हा दिवाळीच्या आवराआवरीत असा गठ्ठा सापडलाच, तर भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकेक लेबल वाचा. तबकड्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. चावीच्या ग्रामोफोनवर लाँग-प्ले लावू नका. त्या जड डोक्याची पोलादी सुई तिची खाच खरवडून काढते. आणि लाखेची तबकडी स्पिरिटने मुळीच पुसू नका, लाख त्यात विरघळते. मऊ, किंचित ओले फडके पुरे. लेबल तेवढे कोरडे राहू द्या.