रुतलेली गाडी व बांधावरचा हुकूम

चारी चाकांस बळ पोंचविणारी गाडी कोठेंहि अडत नाहीं, असा समज कबनूर भागांतहि रूढ झाला आहे. तो आम्हांस मान्य नाहीं. काळी जमीन पाणी पिऊन फुगली कीं तिचा आधार सुटतो. आणि पंचगंगेस २०१९ व २०२१ सालीं आले तसे महापूर ओसरल्यावर गाळानें भरलेला खड्डा वरून सपाटच दिसतो. त्यांत चाक गेलें म्हणजें तें जागींच गरगरतें, खड्डा खोल करतें व गाडीचें पोट जमिनीस टेकतें. मग चारी चाकें असून नसल्यासारखींच.

अशा वेळीं बांधावरून मालकाचा हुकूम सुटतो, ‘ट्रॅक्टर लावा, हिसका द्या!’ दोर उंचावर बांधला असल्यास ट्रॅक्टरचें तोंड वर उचलून तो क्षणांत हांकणाऱ्यावर उलटतो. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांस ओंडका बांधणें हाहि तोच मृत्यूचा मार्ग. तुटलेला दोर तर जवळ उभ्या असलेल्यांचाहि घात करतो.

योग्य रीत अशी. भार उतरावा, पोटाखालील माती काढावी, चाकांपुढें उतरता चर खणून त्यांत फळ्या किंवा पाचट घालावें. नंतर मजबूत दोर ट्रॅक्टरच्या खालच्या ओढदांडीस बांधून, माणसें दूर सारून, हिसका न देतां सावकाश ओढावें.

खणण्यांत दोन तास जातील, ऊंस कारखान्यास उशिरां पोंचेल. तें नुकसान भरून येतें. परंतु हांकणारा गेला तर त्याचें घर बसतें. हुकूम ज्याचा, जबाबदारीहि त्याचीच, असें आमचें स्पष्ट मत आहे.