उपयोगाची अट आणि संशोधन

संशोधनास पैसा देण्यापूर्वी त्याचा उपयोग विचारावा, असे पुष्कळांस वाटते. हा आग्रह उचित नव्हे. १९६३ साली तैवानमध्ये चांग आणि ली या शास्त्रज्ञांनी मण्यारवर्गातील एका सापाच्या विषातून ७४ ॲमिनो आम्लांची एक छोटी साखळी वेगळी केली. मज्जातंतूच्या टोकातून स्रवणारे ॲसिटिलकोलीन स्नायुपेशीवरील ग्राहक-प्रथिनास मिळाले, म्हणजे स्नायू आकुंचन पावतो. हे विष त्या ग्राहकासच घट्ट बिलगते. संदेश पोहोचत नाही आणि श्वसनाचे स्नायूही लुळे पडतात.

अशा मारक पदार्थाचा रोग्यांस काय लाभ? परंतु या घट्ट पकडीमुळेच ग्राहकांची गणना शक्य झाली. १९७३ साली अमेरिकेत, किरणोत्सर्गी खूण केलेल्या याच विषाच्या साहाय्याने, मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात ग्राहक फार घटलेले असतात, हे दिसून आले. त्याच वर्षी सशांवरील प्रयोगांनी सुचविले की, शरीराची प्रतिकारशक्तीच ग्राहकांवर उलटत असावी. पुढे तेच सिद्ध झाले. पापणी का मिटते, घास का गिळवत नाही, याचा उलगडा झाला आणि प्रतिकारशक्तीस आवर घालणाऱ्या उपचारांस भक्कम आधार मिळाला.

१९६३ साली उपयोगाची अट घातली असती, तर तिची झळ या रोग्यांसच लागली असती. म्हणून संशोधनाची पारख त्याच्या प्रश्नावरून व्हावी, तात्काळ लाभावरून नव्हे.