गाडी बापाची, चालवतो पोरगा

मंडळाच्या दिवाळी फराळाच्या वेळी यंदा एका टेबलावर चर्चा भलतीच रंगली होती. विषय चकलीचा नव्हता. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या गाडीच्या विम्याचा होता. ब्रिटनमध्ये सतराव्या वर्षी लायसन्स काढता येतं आणि आपल्या बहुतेक घरांत पहिली पिढी आता त्या वयाला आली आहे. आमच्याही घरात आली. लेकाने टेस्ट पास केल्याच्या संध्याकाळी आम्ही विम्याचे दर पाहिले. जुनी, छोट्या इंजिनाची गाडी, आणि वर्षाचा हप्ता दोन हजार पौंडांच्या वर.

मी कणकुंबीला दादाला फोन केला तर तो म्हणाला, "एवढ्या पैशात इथं सेकंडहँड मारुती येते की! आणि विमा गाडीचा की पोराचा?"

दादाने चेष्टेत विचारलं, पण सगळा मुद्दा त्याच प्रश्नात आहे. भारतात विमा गाडीचा असतो. १९८८ च्या मोटर वाहन कायद्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं, तोही इंजिनाच्या आकारावरून. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १००० सीसीपर्यंतच्या खाजगी गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यावर ७,८९७. स्टिअरिंगवर साठ वर्षांचे काका असोत की काल लायसन्स मिळालेला पुतण्या, आकडा तोच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा. तिथे गाडीची किंमत, वय आणि शहर पाहतात, पण चालवणाऱ्याचं वय सहसा कुणी विचारत नाही. म्हणून कणकुंबीत गाडी बापाची आणि चालवतो पोरगा, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जांबोटीला जायचं असो, बेळगावला दवाखान्यात न्यायचं असो की चोर्ला उतरून साखळीला, किल्ली खुंटीवर असते आणि जो मोकळा तो घेऊन जातो.

ब्रिटनमध्ये विमा चालवणाऱ्याचा असतो. कंपनी त्याचं वय, पोस्टकोड, काम, गाडी रात्री कुठे उभी राहते आणि वर्षाला किती मैल पळते हे सगळं विचारते. एकच गोष्ट विचारून दर बदलता येत नाही: मुलगा की मुलगी. युरोपीय न्यायालयाच्या निकालामुळे २१ डिसेंबर २०१२ पासून ती बंद झाली. त्याआधी मुलींना स्वस्त पडायचा, कारण तरुण मुलांचे मोठे अपघात जास्त होतात. आता मुलीही मुलांच्या बरोबरीने भरतात. समानतेचा हा फायदा आमच्या पुतणीला अजून पटलेला नाही.

पण रक्कम एवढी मोठी का? नुसतं 'कंपन्या लुटतात' म्हणून भागत नाही. ब्रिटनच्या रस्त्यांवर २०२२ साली १,७११ माणसं गेली. भारतात त्याच वर्षी १,६८,४९१. लोकसंख्येचा फरक धरूनही आपल्याकडचे रस्ते कितीतरी घातक आहेत, तरी विमा तिकडेच स्वस्त. याचं कारण भरपाईत आहे. भारतात मृत्यूची भरपाई मुख्यतः माणसाचं उत्पन्न आणि वय यांच्या गुणाकाराने निघते. शेतमजूर गेला तर त्याच्या घरच्यांना किती मिळणार, ते आपण जाणतोच. ब्रिटनमध्ये अपघातात कुणी कायमचा अपंग झाला तर त्याची पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांची शुश्रूषा, घरातले बदल, बुडालेला पगार, सगळं कंपनीने द्यायचं. शारीरिक इजेच्या भरपाईला वरची मर्यादाच नाही. आणि अठरा वर्षांचा मुलगा एकटा क्वचित जातो, गाडीत आणखी तीन मित्र असतात. त्या एका रात्रीचा हिशेब लाखो पौंडांत जातो आणि तो सगळ्या अठरा वर्षांच्या मुलांत वाटला जातो. त्यावर १२ टक्के विमा कर. म्हणजे दादाचे २,०९४ रुपये स्वस्त आहेत, पण त्या स्वस्ताईचा काही भाग अपघातात सापडलेल्यानेच सोसलेला असतो.

एवढं समजून घेतलं तरी हप्ता भरायचाच असतो, आणि इथेच आपल्यातली काही मंडळी खुंटीवरच्या किल्लीचा हिशेब इकडे आणतात. गाडी बाबांच्या नावावर, मुख्य चालक बाबा, मुलगा नुसता 'जादा चालक'. प्रत्यक्षात गाडी कॉलेजच्या पार्किंगमध्ये आणि बाबा ट्रेनने कामावर. याला इथे 'फ्रंटिंग' म्हणतात आणि ती फसवणूक आहे. टेबलावर एकाने सांगितलं, "सगळेच करतात." करत असतील. पण दावा आला की कंपनी शेजारपाजारही विचारते. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार जाणूनबुजून खोटी माहिती दिली असेल तर कंपनी करारच रद्द ठरवू शकते, भरलेला हप्ताही ठेवून घेऊ शकते. ज्याला गाडी लागली त्याला पैसे मिळतात, पण ते नंतर तुमच्याकडून वसूल होऊ शकतात. विम्याशिवाय गाडी चालवल्याचा ठपका बसला तर सहा पॉइंट. नव्या चालकाचे पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्सच जातं, पुन्हा दोन्ही परीक्षा. शिवाय 'पूर्वी विमा रद्द झाला आहे का' हा प्रश्न पुढे प्रत्येक फॉर्मवर येतो. बापाने वाचवलेले आठशे पौंड मुलगा वर्षानुवर्षे फेडतो.

उलट बाजू मात्र पूर्ण कायदेशीर आहे: गाडी मुलाची, मुख्य चालक मुलगा, आणि आई किंवा बाबा खरोखर कधीमधी चालवणार असतील तर त्यांचं नाव जोडायचं. हप्ता बऱ्याचदा उतरतो. गाडीत ब्लॅक बॉक्स बसवला तर आणखी. आमच्याकडे तो आहे. ब्रेक जोरात दाबला की रात्री मोबाइलवर गुण कमी झालेले दिसतात. लेकाला तो आजीपेक्षा कडक वाटतो. थर्ड पार्टीपेक्षा पूर्ण विमा कधीकधी स्वस्त निघतो, तोही पाहावा. हप्ते महिन्यावारी घेतले तर बहुधा व्याज लागतं, जमलं तर एकरकमी भरावेत.

नव्याने भारतातून आलेल्या मुलांचं वेगळंच. भारतीय लायसन्सवर इथे बारा महिने गाडी चालवता येते, पण ते बदलून मिळत नाही, परीक्षा द्यावीच लागते. बेळगावात पाच वर्षं बिनअपघात चालवल्याचा बोनस इथे क्वचितच कुणी धरतं.

आणि सुट्टीत गावी गेल्यावर? भारतातल्या पॉलिसीत वैध लायसन्स असलेला कुणीही चालवू शकतो, अट त्या 'वैध' शब्दाची. ब्रिटिश लायसन्सवाल्या मुलाने १९४९ च्या करारानुसारचा आंतरराष्ट्रीय परवाना सोबत न्यायला हवा. नसेल आणि घाटात काही झालं, तर दादाच्या पॉलिसीवर बोट ठेवायला कंपनीला निमित्त मिळतं. सतरा वर्षांचा असेल तर प्रश्नच मिटला. भारतात कारला अठरा लागतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवली तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

आमचा लेक गेल्या नाताळात परवाना न काढताच गेला. कणकुंबी ते पणजी मागच्या सीटवर बसला, दादा गाडी चालवत होता. चोर्ल्याच्या प्रत्येक वळणावर ब्रेक कसा दाबायचा हे तो काकाला मागून सांगत होता, असं वहिनी म्हणाली.