किनाऱ्याचा प्रश्न आणि महाविद्यालयाचा फळा

समुद्राची पातळी वाढत आहे, याविषयी आता शास्त्रज्ञांत मतभेद उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत ही वाढ दरवर्षी सुमारे १.३ मिलिमीटर होती. २००६ ते २०१८ या काळात ती ३.७ मिलिमीटरवर गेली. आकडे लहान आहेत; पण ज्यांचे घर, विहीर आणि वाडी भरतीच्या रेषेपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यांना त्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

आपल्या देशात या विषयावर संशोधन झालेले नाही असे नाही. हैदराबाद येथील ‘इन्कॉइस’ या केंद्रीय संस्थेने २०१२ मध्ये भारतीय किनाऱ्याच्या धोकाप्रवणतेचे नकाशे प्रसिद्ध केले. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने १९९० पासूनच्या उपग्रह छायाचित्रांवरून किनाऱ्याची झीज मोजली. देशाच्या मुख्य भूमीचा सुमारे एक तृतीयांश किनारा झिजत आहे आणि महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश आहे, असे त्यात आढळले. माहिती उपलब्ध आहे. मग ती आपल्या गावापर्यंत का पोहोचत नाही, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आपल्याला किनाऱ्यावरून महाविद्यालयाच्या वर्गात यावे लागते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर निर्णय देताना पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर शिकवावा, असे निर्देश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अनिवार्य अभ्यासक्रम तयार केला. पुण्याचे डॉ. इराच भरुचा यांनी त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिले. हेतू उदात्त होता. परंतु व्यवहारात तो विषय ‘पास होण्यापुरता’ उरला. परीक्षेच्या आदल्या रात्री मार्गदर्शिका वाचावी, हरितगृह परिणामाची व्याख्या पाठ करावी आणि दुसऱ्या दिवशी विसरून जावी, असा शिरस्ता पडला. पदवी हाती घेतलेल्या किनाऱ्यावरील तरुणाला ओझोनचा थर कोठे असतो हे सांगता येते. पण आपल्या गावातील बावखले किती होती, किती बुजवली गेली आणि त्यानंतर विहिरींच्या पाण्याची चव का बदलली, हे सांगता येत नाही.

यात दोष विद्यार्थ्यांचा नाही. स्वीडनमधील मार्टन आणि सेल्यो या संशोधकांनी १९७६ मध्येच दाखवून दिले होते, की विद्यार्थी दोन प्रकारे शिकतात. काही जण आशय समजून घेतात, तर काही जण प्रश्नांच्या अपेक्षेने शब्द लक्षात ठेवतात. आपल्यापुढे कोणते प्रश्न येणार आहेत, यावर त्यांची शिकण्याची रीत बरीच अवलंबून असते. अमेरिकेत २०१४ मध्ये स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणित यांच्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत अनुत्तीर्णांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष सहभागी करून घेणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ टक्क्यांवर आले. विद्यार्थ्याला हाताने काही करू दिले, की ज्ञान टिकते. शेतकऱ्याला आणि कोळी बांधवाला हे सांगायला विद्यापीठ लागत नाही. विद्यापीठाला मात्र ते सिद्ध करावे लागले.

येथे दोन्ही विषय एकमेकांना भेटतात. ‘इन्कॉइस’च्या नकाशांत सात घटक विचारात घेतले आहेत: समुद्रपातळीतील वाढ, किनाऱ्याची झीज, लाटांची उंची, भरती-ओहोटीतील अंतर, किनाऱ्याची उंची, त्याचा उतार आणि भूरूप. हे सर्व घटक निसर्गाचे आहेत. त्यांत माणूस नाही. कोणत्या घरात एकटी वृद्धा राहते, कोणाच्या होडीचा विमा नाही, कोणत्या रस्त्यावर प्रथम पाणी चढते, कोणती विहीर मे महिन्यात मचूळ होते, हे उपग्रहाला दिसत नाही. समान उंचीच्या दोन गावांपैकी एक सावरते आणि दुसरे कोलमडते, ते या न दिसणाऱ्या गोष्टींमुळे. ही माहिती गोळा करण्यासाठी गावात राहणारी, गावाची बोली जाणणारी माणसे हवीत. आपल्या महाविद्यालयांत अशी शेकडो मुले-मुली रोज येतात.

वसईला हे नवे नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईसाठी आवाज उठविला, तेव्हा पाणी आणि जमीन यांचे नाते लोकांनी स्वतःच्या अनुभवावरून मांडले होते. जुलै २०१८ च्या पुरात मिठागरांतील वस्ती पाण्याने वेढली गेली, रेल्वे ठप्प झाली. त्यानंतर ‘नीरी’ आणि आय.आय.टी. मुंबई यांच्या तज्ज्ञांना कारणे शोधण्यासाठी पाचारण करावे लागले. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड व रत्नागिरीच्या वाड्या झोपविल्या आणि मे २०२१ मध्ये तौक्ते आले. प्रत्येक वेळी तज्ज्ञ बाहेरून आले. स्थानिक महाविद्यालयांकडे वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी असत्या, तर त्यांचे काम किती सोपे झाले असते!

प्राध्यापकांची बाजूही ऐकली पाहिजे. रिक्त पदे, तासिका तत्त्वावरील नेमणुका, कागदपत्रांचा भार हे सर्व खरे आहे. शिवाय २०१० च्या नियमावलीने संशोधनाचे गुण मोजण्याची जी पद्धत आणली, तिने कोठेतरी निबंध छापून आणण्याला प्रतिष्ठा दिली. वर्ग चांगला शिकविण्याला मात्र तेवढी मिळाली नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ अर्नेस्ट बॉयर यांनी १९९० मध्येच प्रतिपादन केले होते, की शोध घेणे जशी विद्वत्ता आहे, तसेच ज्ञानाची सांगड घालणे, ते समाजाच्या उपयोगी आणणे आणि शिकविणे हीदेखील विद्वत्ताच आहे. आपण त्यांतील पहिलीच धरून बसलो.

आता संधी आली आहे. नवीन शैक्षणिक धोरणाला अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये पदवी स्तरावर पर्यावरण शिक्षणासाठी किमान चार श्रेयांक ठरविले आहेत. हे श्रेयांक पुन्हा मार्गदर्शिकेत बुडवायचे, की गावाच्या कामी आणायचे, हे महाविद्यालयांनी आणि व्यवस्थापनांनी ठरवायचे आहे. विहिरींच्या पाण्याचा खारेपणा दर महिन्याला मोजणे, पर्जन्यमापकाची नोंद ठेवणे, ठरलेल्या खुणेपासून भरतीच्या रेषेचे अंतर टिपणे आणि वृद्धांच्या आठवणी लिहून घेणे या कामांना मोठा निधी लागत नाही, सातत्य लागते. पहिल्या वर्षीच्या नोंदींना फारसा अर्थ नसतो, दहाव्या वर्षी मात्र त्या अनमोल ठरतात.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकाचे सहावे प्रकरण पर्यावरणीय शिक्षण आणि अध्यात्म यांना वाहिले, हे आपण जाणतो. त्याचे वाचन आपल्या धर्मग्रामांत झाले, चर्चासत्रे झाली. आता त्यापुढचे पाऊल टाकले पाहिजे. आपल्या संस्था आहेत, आपली मुले तेथे शिकतात, आपल्या अंगणात विहिरी आहेत. पालकांनी येत्या प्रवेशाच्या वेळी शुल्क व निकाल यांची चौकशी करताना एक प्रश्न अधिक विचारावा: आमच्या मुलाला हा विषय शिकविताना आपण त्याला आमच्या गावात घेऊन जाणार आहात काय?